लाल दोऱ्याच्या बाटल्या

चौथ्या क्रेटच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाटलीएवढं उंच नव्हतं आणि हाताला हलकं लागलं. कागद सोडवला तर आतून माझा गिलास निघाला. स्टीलचा, काठाशी चेमटलेला, राखेनं घासून पांढरट झालेला. उन्हाकडे धरला तसे त्याच्या पोटावरचे ठिपके दिसले. दादाराव. ठिपक्याला ठिपका लावून कोरलेलं माझं नाव. मी अंगणात उकिडवा बसलो होतो, तसाच बसून राहिलो. माझ्या बायकोनं, कमलनं, आतून विचारलं की अजून काय काय पाठवलं त्यांनी. तोपर्यंत मला राग आलेला नव्हता. सकाळी टेम्पो दाराशी थांबला, संत्र्याचे चार प्लास्टिकचे क्रेट उतरले, सौसरहून आलेल्या माणसानं सांगितलं की माझ्या जुन्या मालकांची, पुंडलिकरावांची तेरवी काल झाली आणि जाताना ते बोलून गेले होते की दारू दादारावाला द्या, तेव्हा मला हसूच आलं होतं. रामाकोन्याचा बगीचा मुलाला, सौसरचं घर मुलाला, बँकेतलं जे असेल ते बायकोला आणि दारू दादारावाला. कमलला मी हेच हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे त्याइले वाटलं, या वस्तीतला माणूस, दारूच देऊ याले." मी म्हटलं, तसं नसेल. तसं नसेल असं म्हणत म्हणत मी क्रेट रिकामे करत होतो, आणि मग गिलास हाताला लागला.

मेलेल्याची वस्तू आमच्या घरात येणं बंद झालं त्याला एक आयुष्य उलटलं. माझ्या बापानं ते बंद केलं. त्याआधी रामाकोन्यात कोणी मोठं माणूस गेलं की त्याच्या अंगावरचं धोतर, तिरडीवरचं कापड, अंथरूण, सगळं आमच्या घरी यायचं. तो आमचा हक्क आहे असं गाव म्हणायचं, आणि आम्हालाही तसंच वाटायचं. नागपूरहून दीक्षा घेऊन बाप परत आला त्या हिवाळ्यात एक म्हातारा वारला आणि त्याची गादी कोणीतरी आमच्या दारात आणून टाकली. चांगली गादी होती. कापूस भरलेला, वरचं कापड निळं. मी लहान होतो, मी तिच्यावर जाऊन बसलो. बापानं मला दंडाला धरून उठवलं, गादी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि भर दुपारी गावातून चालत जाऊन त्यांच्या फाटकाशी ठेवून आला. त्या थंडीत आम्ही गोणपाटावर झोपलो. रात्रभर गोणपाट टोचायचं, आणि मला त्या निळ्या गादीचा मऊपणा आठवायचा. बापानं ते का केलं हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. गोणपाटानं सांगितलं म्हणा. आता या वयात, पांढुर्ण्यातल्या माझ्या स्वतःच्या पक्क्या घराच्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत मेलेल्या माणसाची वस्तू टेम्पोतून उतरली होती. ती मी हातानं उतरवून घेतली होती आणि टेम्पोवाल्याला चहा पाजला होता.

गिलासाची गोष्ट अशी. जयवंताबाई, म्हणजे पुंडलिकरावांची बायको, एकदा सौसरच्या बाजारातून भांड्यांचा नवा संच घेऊन आल्या. दुकानदार मशीननं नाव टाकून देतो, तशी सगळ्यांवर नावं टाकून आणली होती. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मला ती नक्षी वाटली. बाईंनी त्यातला एक गिलास माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा तुझा. मला बरं वाटलं. बगीच्यातल्या शेडमध्ये भिंतीला एक कोनाडा होता, तिथे तो राहायचा. पाणी त्यातच, चहा त्यातच. बाई वरून ओतायच्या, मी खाली धरायचो. तांब्या उंच असायचा आणि धार बारीक. त्या धारेचा गिलासात पडताना एक आवाज होतो, सुरुवातीला पोकळ आणि भरत आला की जाड. तो आवाज माझ्या कानाला इतका सवयीचा झाला होता की दुसऱ्या कोणाच्या घरी पाण्याचा गिलास आयता समोर ठेवला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या विहारात कंदील लावून एक पोरगी शिकवायची, आणि मी डोक्यात पांढरे केस घेऊन पाटी धरून बसायचो. आधी स्वतःचं नाव शिकवतात. काही महिन्यांनी एका दुपारी शेडमध्ये पाणी प्यायलो, गिलास खाली ठेवता ठेवता नक्षी हलली आणि अक्षरं झाली. दा. दा. रा. व. पाटीबाहेर मी वाचलेला हा पहिला शब्द. इतका आनंद झाला की मी बोट फिरवत बसलो. नंतर बाईंच्या घरच्या पडवीत गेलो तेव्हा फडताळात रांगेनं मांडलेले गिलास दिसले, आणि मी तेही वाचले. प्रत्येकावर पुंडलिकराव. एकच वेगळा होता आणि तो कोनाड्यात होता. त्याच्यावर नाव टाकलं होतं ते मला मिळावा म्हणून नाही, तर चुकून घरातल्या कोणाच्या तोंडाला लागू नये म्हणून. शिकवणाऱ्या त्या पोरीनं हे सांगितलं नव्हतं की वाचता आलं की असंही काही वाचावं लागतं.

मी त्यांचं काम सोडलं. कारण सांगितलं नाही. पुंडलिकराव दोनदा पांढुर्ण्याला येऊन गेले, मी म्हटलं की नगरपालिकेत लागलो. खरंच लागलो होतो. पाणीपुरवठ्यावर, वॉल्व्ह सोडायला. नोकरी संपेपर्यंत या गावाला पाणी मी सोडलं. पेठेतल्या, स्टेशनच्या, देवळाजवळच्या सगळ्या नळांना माझ्या हातानं पाणी जायचं आणि सगळे प्यायचे.

पण दारू. ती काही भट्टीची दारू नव्हती. पुंडलिकरावांना कुठूनतरी नाद लागला होता की संत्र्याची वाईन करायची. बाजारात न चालणारी बारीक संत्री, व्यापारी बाजूला टाकतो ती, बगीच्यात ढिगानं पडून सडायची. त्यांनी पुस्तकं मागवली, चिनी मातीच्या मोठ्या बरण्या आणल्या, आणि शेडच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं लागलो. दोघं म्हणजे ते पुस्तक वाचायचे आणि मी संत्री सोलायचो. नुसतं साल काढून भागत नाही. आतला पांढरा पापुद्रा काढावा लागतो, बिया काढाव्या लागतात, नाहीतर कडू होते. सालीतलं तेल नखांच्या फटीत जायचं, थंडीत हात फुटलेले असायचे, आणि ते असं झोंबायचं की रात्री भाकर खाताना घास बोटानं तोडवत नव्हता. रस काढायचा, साखर टाकायची, विरजण टाकायचं, तोंडाला मलमल बांधायची. मग वाट बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी बोलू लागते. कान लावला की आतून बारीक बारीक फुटल्यासारखा आवाज, पावसाळ्यात कोरड्या जमिनीत पाणी मुरतं तसा. पुंडलिकरावांना तो ऐकू यायचा नाही, त्यांच्या कानाचं काहीतरी होतं. ते मला विचारायचे, काय म्हणते गा बरणी. मी सांगायचो, बोलून राहिली, किंवा हळू झाली, किंवा आज गप्प आहे. ते माझ्या शब्दावर चालायचे. बाटल्या भरल्या की मी बुचाखाली दोरा बांधायचो. आंबिया बहाराच्या, हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या संत्र्याला पांढरा, मृग बहाराच्या, हिवाळा सरता येणाऱ्या संत्र्याला लाल, कारण मला वाचता येत नव्हतं आणि कोणती कोणती हे मला कळायला हवं होतं. मृगाची संत्री गोड. लाल दोरा म्हणजे चांगला माल. आणि दर वेळी पहिली बाटली उघडली की पुंडलिकराव माझ्या गिलासात घोटभर ओतायचे आणि म्हणायचे, घे. मी नको म्हणायचो. पाचवं शील, दारू प्यायची नाही. बापानं शिकवलं होतं, अक्षर येण्याच्या फार आधी. ते हसायचे. म्हणायचे, साऱ्या मुलखात एवढाच माणूस आहे जो बनवते पण पीत नाही. मी गेल्यावर त्यांनी पुन्हा कधी बनवली नाही. म्हणजे या चार क्रेटांत जे होतं ते सगळं माझ्या हातचं होतं, आणि त्याची चव मला माहीत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी हेमराज आला. हेमराज आमच्या विहाराच्या समितीवर आहे, माझ्यापेक्षा लहान, चांगला माणूस. दर पौर्णिमेला वंदना मी घेतो, माईक माझ्या हातात असतो, पुस्तक न बघता म्हणतो. तो ओट्यावर बसला, हवापाण्याचं बोलला, त्याचे डोळे मात्र पडवीतल्या क्रेटांकडे. मग म्हणाला की लोक बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका, पण या पौर्णिमेला वंदना दुसऱ्या कोणाला घेऊ द्यावी काय. घरात चार क्रेट दारू आणि तोंडात पाचवं शील, पोरं हसतील. मी म्हटलं की मी मागितली नव्हती. तो म्हणाला, "मागितली नाही, पण ठेवली तर आहे ना, दादाराव भाऊ." क्रेट आले त्या दिवशीच कमल नालीत ओतायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. का थांबवलं, हे तिनं चार वेळा विचारलं. मला सांगता येत नव्हतं कारण माझंच ठरत नव्हतं. ओतायची असेल तर ती कोणाची आहे हे आधी कळायला हवं. उतरलेलं धोतर म्हणून आली असेल तर ती माझी नाही, ती बापासारखी डोक्यावर घेऊन त्यांच्या फाटकाशी ठेवायला हवी. आणि माझ्या हाताचं मोल म्हणून आली असेल, तर मग गोष्ट वेगळी. आणि दोन्हीपैकी एक ठरवावं तर तळाशी तो गिलास. कोणी ठेवला तो. कायले ठेवला. ही दारू पी आणि तुझ्याच भांड्यात पी, असं. मेल्यावरसुद्धा कोनाडा सोबत पाठवला. रात्री अंथरुणावर पडलो की रागानं माझ्या कानात तसाच आवाज व्हायचा, बारीक बारीक फुटल्यासारखा, आणि कमल कूस बदलून म्हणायची, झोपा आता, मेला तो माणूस.

रविवारी कुलदीप आला. पुंडलिकरावांचा मुलगा. लहान होता तेव्हा शेडमध्ये माझ्या खांद्यावर बसायचा आणि मला दादाराव म्हणायचा, आता काका म्हणतो. संत्र्याचा व्यापार करतो, गाडी मोठी आहे. डोकं तासलेलं, त्यावर बारीक खुंट आलेले, त्यामुळे त्याचा बाप गेला हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मला वाईट वाटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो थोडा रडला, मग डोळे पुसून कामाचं बोलायला लागला. रामाकोन्याच्या बगीच्यात तो पाहुण्यांसाठी खोल्या बांधतो आहे. नागपूरचे लोक येतील, संत्री तोडतील, राहतील. एका जाणत्या माणसानं त्याला सांगितलं की एवढी जुनी घरची वाईन म्हणजे मोठी गोष्ट असते. विकायची नाही, पाहुण्यांना चाखायला द्यायची. त्यानं आधी घाईत सगळीच पाठवून दिली, आता त्यातल्या चांगल्या निघतील तेवढ्या परत हव्या होत्या. कोणती चांगली ते मला कळेल, म्हणून मीच चाखून सांगावं. उरलेल्या मी ठेवाव्या. बाटलीवर बाबांचा फोटो लावणार होता तो.

"खाली लिहीन, बाबांच्या हातची," तो म्हणाला. "बढिया वाटन ना, काका?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात काही कपट नव्हतं. तो माझ्या खांद्यावर बसलेला होता, माझी बोटं सालीनं फुटलेली त्यानं बघितली होती, आणि त्याच्या डोक्यात बाबांचे हात होते. मला वाटलं आता ओरडावं, पण आवाज निघाला तो अगदी साधा निघाला. मी कमलला कप आणायला सांगितलं. कमल दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "पुनवेले माईक तुमच्याच हाती राहते ना," ती म्हणाली, आणि तरी कप आणून ठेवला. पाहुण्यांसाठी काढतो तो, निळ्या फुलांचा. माझ्या घरचा कप. एवढं मी मनाशी नक्की केलं होतं, की त्या गिलासात नाही. कुलदीपनं मात्र ओट्यावर हाताशी होता तोच गिलास उचलला, फुंकर मारली आणि पुढे केला. मी पांढऱ्या दोऱ्याची पहिली बाटली फोडून त्यात ओतली. तो प्यायला, काठाला ओठ लावून, चांगला घोट घेऊन. मग फिरवून बघितला आणि म्हणाला, "अरे, तुमचं नाव आहे याच्यावर. मस्त. जुनी वस्तू आहे काका, सांभाळून ठेवा." त्याला काहीच माहीत नव्हतं. ज्या घरातल्या ओठांना तो गिलास लागू नये म्हणून नाव कोरलं होतं त्याच घरातला पोरगा त्यात पिऊन मोकळा झाला, आणि कोणाचंच काही बिघडलं नाही, आणि मला इतका राग आला की हातातला कप मी खाली ठेवून दिला. एवढं सोपं होतं तर मग इतकी वर्षं कशासाठी. त्याचं न कळणं मला त्याच्या आईच्या कळण्यापेक्षा जास्त लागलं. आता मी कोणाला काय विचारू.

पांढऱ्या दोऱ्याची ती पहिली आंबट निघाली, नुसती आंबट, जिभेला टेकवली तशा दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या. दुसरी तशीच. या वेळी कुलदीपनं तोंड वाकडं केलं आणि थुंकला. मग लाल दोऱ्याची. रंग चिंचेच्या पाण्यासारखा झाला होता. नाकाजवळ नेली तर आधी संत्र्याचा वास आलाच नाही, लाकडाचा आला, आणि भाजलेल्या गुळासारखा काहीतरी. आयुष्यभर म्हणत आलेलं शील मी त्या क्षणी विसरलो नव्हतो. पूर्ण शुद्धीत तो घोट घेतला. जे मी माझ्या हातानं केलं आणि जे आजवर कधी माझ्या तोंडात गेलं नव्हतं ते काय आहे हे कळल्याशिवाय मला ते फेकताही येत नव्हतं आणि ठेवताही येत नव्हतं. आधी गोडसर लागलं, मग घशाशी ऊब, आणि सगळ्यात शेवटी, घोट गेल्यावर कितीतरी वेळानं, जिभेच्या मुळाशी एक कडू धागा वर आला. तो मी ओळखला. पापुद्र्याचा कडवटपणा. त्या मोसमात माझी बोटं इतकी फुटली होती की पापुद्रा नीट निघाला नव्हता. पुंडलिकरावांनी तेव्हा चाखून सांगितलं होतं की कडवट आहे, आणि मी म्हटलं होतं, बघा, हात असे आहेत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले, मग घरात जाऊन खोबरेल तेल घेऊन आले आणि वाटी माझ्यासमोर ठेवून, माझ्याकडे न बघता, बाहेर निघून गेले. ते तेल मी विसरलो होतो. इतक्या वर्षांच्या रागात ते तेल कुठे होतं. आणि आता ते का यावं, मला राग हवा होता तेव्हा. मी कुलदीपला विचारलं की बाबा नक्की काय बोलले, कसे बोलले. तो म्हणाला, मी नव्हतो, मी गाडी काढत होतो, आई होती जवळ. लाल दोऱ्याच्या तेवढ्या बाजूला काढून ठेवा, पुढच्या रविवारी टेम्पो आणतो, असं म्हणून तो गेला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मी सौसरला गेलो. थैलीत गिलास घेतला. बसमध्ये खिडकीशी बसलो होतो, बाहेर कापसाची शेतं आणि मग संत्र्याचे बगीचे, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाई, गिलास कायले पाठवला. बाई, आम्ही उतरलेलं घेत नाही. बाई, माझ्या बापानं गादी परत केली होती. जुळवलेली वाक्यं सौसरच्या स्टँडवर उतरल्यावर सगळी निघून गेली. घर रंगवलेलं होतं. पडवीत पुंडलिकरावांचा हार घातलेला फोटो, आणि त्याखाली खुर्चीत जयवंताबाई, एवढ्याशा झालेल्या, पांढऱ्या लुगड्यात हरवल्यासारख्या. मला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. बसायला खुर्ची दिली, शेजारची. तीही एक गोष्ट होती, पूर्वी मी पायरीवर बसत होतो. त्या बोलतच राहिल्या, शेवटी शेवटी ते कसे जेवत नव्हते, कसे बगीच्याचं नाव घेत होते. मी मधेच विचारलं. दारूचं काय म्हणाले ते, बाई. शब्द काय होते.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणाले, ज्याची हाय त्याले देऊन टाका. मी म्हटलं, कोणाची. तं म्हणाले, दादारावची, अजून कोणाची."

मी खाली बघत बसलो. एवढंच ऐकायला मी आलो होतो. मग पाणी मागितलं, साधं, तहान लागली म्हणून. बाईंनी आत सुनेला हाक मारली. उर्वशी गिलास भरून घेऊन आली. बाईंनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "तुमचा गिलास भेटला ना, दादाराव? मीच ठेवला होता. म्हटलं, जुनी आठवण आहे, दादारावच्या जवळ राहू दे." मी थैलीतून काढून दाखवला. त्यांचा चेहरा फुलला. त्या खुर्चीतून उठल्या, सुनेच्या हातातला गिलास घेतला, आणि वाकलेल्या पाठीनं, थरथरत्या हातानं, तो जमेल तेवढा उंच धरला. धार सुरू झाली. पोकळ आवाज, मग जाड. अर्धं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. त्यांना कळलंसुद्धा नाही की त्या काय करत आहेत. इतक्या वर्षांनी माझ्याशी माणुसकीनं वागायला त्या उठल्या होत्या आणि त्यांच्या हाताला एवढंच येत होतं.

मी भरलेला गिलास खाली फरशीवर ठेवला. उठलो. पडवीच्या कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्यावर झाकण, झाकणावर उपडा घातलेला घरचा गिलास. मी झाकण काढलं, तो गिलास माठात बुडवला, बोटं पाण्याला लागली, आणि तिथेच उभं राहून, ओठ लावून, सगळं पाणी प्यायलो. त्यावर ठिपक्यांनी पुंडलिकराव लिहिलेलं होतं. उर्वशी मोबाइल बघत दारात उभी होती, तिच्या दृष्टीनं एका म्हाताऱ्यानं पाणी घेतलं. घरात काय घडलं हे दोनच माणसांना कळलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मग त्यांनी माठाकडे बघितलं, मग फरशीवरच्या गिलासाकडे, आणि हळूहळू खाली बसल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "थंड हाय का हो पाणी?"

"आहे," मी म्हटलं.

निघताना त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं. गिलास राहून गेला, असं. मी चपला पायात घालत होतो. मी म्हटलं, "राहू द्या, बाई. घरात कोणालेही चालते तो."

परतीच्या बसमध्ये राग गेला असेल असं मला वाटलं होतं. गेला नव्हता. पण तो आता मला कुठे ठेवायचा ते कळत होतं, एवढा फरक. रविवारी सकाळी मी क्रेट अंगणात ओढले आणि नालीच्या कडेला बसलो. कमल म्हणाली, आता ओतून राहिले, मग मी म्हणत होती तवा काहून नाही. मी तिला सांगितलं की तेव्हा ती माझी नव्हती. दुसऱ्याची वस्तू फेकून देणं सोपं असतं, त्यात शील पाळलं असं होत नाही, नुसती भीती पाळली जाते. आता ती माझी आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पदर खोचला आणि माझ्याशेजारी बसून बुचं काढू लागली. आधी पांढऱ्या दोऱ्याच्या. मग लाल. एक ठेवायची का, तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, बाटल्या रिकाम्या धुऊन ठेव, तेलाला होतील. नालीतून वास निघाला, आधी लाकडाचा, मग गुळाचा, आणि ऊन चढलं तसा सगळ्यात शेवटी संत्र्याचा, साल सोलताना येतो तसा, अख्ख्या गल्लीत. हेमराज त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

तेवढ्यात टेम्पो आला आणि मागून कुलदीपची गाडी. तो उतरला आणि जागीच थांबला. रिकाम्या बाटल्यांची रांग बघितली, नाली बघितली, माझ्या हातातली बाटली बघितली, लाल दोऱ्याची.

"काका, हे काय करून राहिले? बाबांची आठवण होती ती."

"त्याइचीच आठवण येऊन राहिली मले," मी म्हटलं, आणि पुढच्या बाटलीचं बूच काढलं.